कोर्टाची पायरी आणि ३५ दिवस

गेल्या अंकात प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे ऑस्ट्रेलियात आश्रय मागायचा व्हिसा, इमिग्रेशन डिपार्टमेंटने नाकारल्यावर ट्रायब्युनलकडे, म्हणजे तो निर्णय पुन्हा तपासणाऱ्या मंडळाकडे, कसं जायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत होता: ट्रायब्युनलनेही नाही म्हटलं, आता काय? म्हणून या वेळचं सदर कोर्टासाठी. पत्रं थोडक्यात दिली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मेलबर्नमध्ये वकिली करते. त्याआधी अकरा वर्षं हिंदी-मराठीची दुभाषी होते. हे दुसरं पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

*

ताई, आमच्या मागच्या युनिटमध्ये एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. आंतरजातीय लग्न केलं म्हणून मुलीच्या घरचे जिवावर उठले होते. गाव सोडून दोघं पुण्यात राहिली, तिथे तिचा चुलतभाऊ पोचला, मारहाण झाली. मग बंगळुरूला गेली, सात महिन्यांत माणसं तिथेही आली. इथे येऊन प्रोटेक्शन व्हिसा मागितला. आता ट्रायब्युनल म्हणतं, तुमची भीती खरी आहे, पण भारत मोठा देश आहे, कोलकात्याला जाऊन राहा. कोर्टात सगळं पुन्हा सांगता येईल ना? मुलीच्या हातावरचे वण न्यायाधीशांना दाखवता येतील ना?
— एक काकू, तार्नेट

काकू, नाही. वण दाखवता येणार नाहीत.

हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांचा चेहरा पडतो, म्हणून ते पहिल्याच वाक्यात सांगायची मी सवय लावून घेतली आहे. आपल्याकडच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. ट्रायब्युनल म्हणजे रीव्हॅल्युएशन. तिथला सदस्य पेपर पहिल्यापासून तपासतो आणि मार्क वाढवूही शकतो. कोर्ट मार्क देत नाही. कोर्ट एवढंच बघतं की पेपर नियमाने तपासला गेला का, की एखादं पान उलटायचंच राहिलं, किंवा तपासनीस भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर ठेवून बसला होता. तुमच्या जोडप्याला धोका आहे की नाही, हा प्रश्न न्यायाधीश स्वतःला विचारणारच नाहीत. ट्रायब्युनलने तो प्रश्न कायद्याने विचारायचा तसा विचारला का, एवढंच त्यांचं काम. वकील अशा चुकीला ‘जुरिस्डिक्शनल एरर’ म्हणतात. साध्या मराठीत, कायद्याने दिलेलं काम न करता दुसरंच काहीतरी करून बसणं.

तेव्हा जोडप्याला सांगा, डोळे पुसा आणि निर्णयाची प्रत काढा. त्यात परिच्छेदांना आकडे असतात. पेन्सिल घेऊन दोन गोष्टी शोधा.

पहिली, बंगळुरू. कोलकात्याला जा असं सांगण्यापूर्वी सदस्यांनी हे लिहिलंय का, की ही दोघं आधी दोनदा शहर बदलून बसली आणि दोन्हीदा शोधली गेली? ‘घरच्यांची पोच तेवढी नाही’ असं लिहून बंगळुरू नाकारलं असेल, तर तो मुद्दा कोर्टात जवळपास संपला. तो निष्कर्ष चुकीचा वाटला तरी कोर्ट त्यात बोट घालत नाही. पण बंगळुरूचा उल्लेखच नसेल, किंवा सुरुवातीच्या हकिकतीत एकदा येऊन पुढे कारणांत तो गायब झाला असेल, तर तो मुद्दा आहे. ट्रायब्युनलने प्रत्येक कागदाचं नाव घ्यायलाच हवं असं नाही, पण अर्जदाराने मांडलेला प्रत्येक महत्त्वाचा दावा विचारात घ्यावाच लागतो. ‘दुसरीकडे गेलो तरी सापडतो’ हा साधा तपशील नाही, त्यांच्या दाव्याचा कणा आहे.

दुसरी गोष्ट थोडी किचकट आहे. प्रोटेक्शन व्हिसाला दोन दारं आहेत. एक निर्वासित म्हणून. दुसरं २०१२ पासूनचं, त्याला ‘कॉम्प्लिमेंटरी प्रोटेक्शन’ म्हणतात: निर्वासिताच्या व्याख्येत बसत नसाल, पण परत पाठवल्यावर जीव जाण्याचा किंवा छळाचा खरा धोका असेल तर. पहिल्या दाराशी आज प्रश्न असा असतो की धोका देशाच्या सगळ्या भागांत आहे का. तिथे ‘कोलकात्यात राहणं यांना झेपेल का’ हे विचारत नाहीत. दुसऱ्या दाराशी मात्र ते विचारावंच लागतं: या माणसांना तिथे जाऊन राहणं वाजवी आहे का? भाषा, काम, मुलगी गरोदर असेल तर तिची अवस्था, सगळं आलं. कित्येक निर्णयांत दुसऱ्या दाराशी एकच ओळ खरडलेली असते: ‘वर दिलेल्या कारणांमुळे इथेही नकार.’ अशी ओळ दिसली की माझी पेन्सिल थांबते. दोन दारांचे दोन प्रश्न, आणि उत्तर एकाचंच.

‘वाजवी’ या शब्दाची लढाई जुनी आहे. २००७ साली हायकोर्टापुढे (इथलं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय) युक्रेनच्या एका पत्रकाराचं प्रकरण आलं होतं. त्याला सांगण्यात आलं होतं की देशात दुसरीकडे जा, पत्रकारिता सोडून दुसरं काहीतरी कर. हायकोर्टाने म्हटलं, माणसाच्या स्वतःच्या परिस्थितीत ते व्यवहार्य आहे का हे बघावं लागेल, आणि ज्या कामामुळे त्याला धोका होता तेच सोडून देईल असं धरून चालता येणार नाही. नंतर २०१४ साली संसदेने कायदा बदलला आणि पहिल्या दारावरून ‘वाजवी’ काढून टाकलं. दुसऱ्यावर ते शिल्लक आहे, म्हणून तर दुसऱ्या दाराची ओळ इतक्या बारकाईने वाचायची.

आता तारीख. काकू, हे वाचून झाल्या झाल्या त्यांच्या दारावर थाप मारा. कोर्टात अर्ज करायला ३५ दिवस असतात, आणि ते ट्रायब्युनलच्या निर्णयावर जी तारीख आहे तिच्यापासून मोजतात. ईमेल कधी उघडलं, पत्र कधी हातात आलं, मराठीत कधी समजलं, याला अर्थ नाही. सदस्यांनी सुनावणीतच तोंडी निर्णय दिला असेल तर त्या दिवसापासून. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात. इथे शहाण्याने ती छत्तिसाव्या दिवशी चढू नये.

उशीर झालाच तर मुदतवाढ मागता येते, लेखी, कारणांसकट. न्यायदानाच्या हितासाठी ती गरजेची आहे असं न्यायाधीशांना वाटावं लागतं. उशीर का झाला हे ते बघतातच, पण त्याहून जास्त बघतात की मूळ प्रकरणात दम आहे का. आणि मुदतवाढ नाकारली तर त्या नकारावर फेडरल कोर्टात अपील नाही. दार तिथेच बंद.

अर्ज जातो फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या दुसऱ्या विभागात. नावात ‘फॅमिली’ बघून एका अर्जदाराने मला घाबरत विचारलं होतं की आमचा घटस्फोट लावणार का. नाही. २०२१ साली दोन कोर्टं एकत्र केली, त्याचं हे नाव. मेलबर्नमध्ये विल्यम स्ट्रीटवर, फ्लॅगस्टाफ स्टेशनच्या समोर. अर्ज ऑनलाइन भरता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोडलेली निर्णयाची प्रत. अर्जात ‘निर्णय अन्यायकारक आहे, आम्ही खरं बोलतोय’ एवढंच लिहू नका. दुर्दैवाने अर्ध्याअधिक स्वतः भरलेल्या अर्जांत मी तेवढंच वाचते. परिच्छेदाचा आकडा लिहा आणि त्यात काय राहिलं ते लिहा. सुरुवातीला कच्चं लिहिलं तरी चालतं, पुढे सुधारून देता येतं. तारीख मात्र सुधारता येत नाही.

ब्रिजिंग व्हिसाचंही, म्हणजे निकाल लागेपर्यंत इथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाचंही, तेव्हाच बघा. कोर्टात अर्ज केला म्हणजे तो आपोआप लांबतो असं धरून बसू नका, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. आणि आतापर्यंतचा मायग्रेशन एजंट कितीही चांगला असला तरी तो वकील नसेल तर कोर्टात तुमच्यासाठी उभा राहू शकत नाही. पैसे नसतील तर मेलबर्नला रिफ्यूजी लीगल आहे, फुटस्क्रेला असायलम सीकर रिसोर्स सेंटर आहे, सिडनीच्या वाचकांसाठी रॅक्स (रिफ्यूजी अ‍ॅडव्हाइस अँड केसवर्क सर्व्हिस). रांग मोठी असते, म्हणून पहिल्या आठवड्यात फोन करा, पाचव्या नाही.

*

तुमचं गेल्या अंकातलं सदर वाचून वाईट वाटलं. डिपार्टमेंटने तपासलं, ट्रायब्युनलने तपासलं, दोघांनी सांगितलं हा माणूस निर्वासित नाही. मग करदात्यांच्या पैशाने वर्षानुवर्षं कोर्टबाजी कशाला? आम्ही इंग्रजीच्या परीक्षा देऊन, पॉइंट्स जमवून, रांगेत उभं राहून आलो. तुम्ही रांग मोडणाऱ्यांना वाट दाखवताय.
— एक वाचक, पॅरामॅटा

पत्र सभ्य भाषेत आहे, म्हणून पूर्ण उत्तर देते.

बहुतेक अर्ज कोर्टात फेटाळले जातात, हे खरं आहे. त्यांतले काही पोकळ असतात, हेही खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल खालच्या एका पत्रात मी तुमच्यापेक्षा कडक बोलणार आहे.

पण ‘दोघांनी तपासलं’ याचा अर्थ कधी कधी काय असतो ते बघा. बांगलादेशातले दोन पुरुष, एकमेकांचे जोडीदार, इथे संरक्षण मागत होते. ट्रायब्युनलने मान्य केलं की तिथे समलिंगी माणसांना उघडपणे राहता येत नाही. आणि मग म्हटलं, ही दोघं तिथे गाजावाजा न करता राहिली होती, पुढेही तशीच राहतील, तेव्हा धोका नाही. दोघांनी तपासलं होतंच. २००३ साली हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी ते रद्द केलं. ही दोघं गप्प का राहत होती, भीतीपोटीच ना, हे ट्रायब्युनलने विचारलंच नव्हतं. आज कायद्यातच लिहिलंय की धर्म किंवा लैंगिकता लपवून राहा, असं उत्तर देता येत नाही.

दुसरा एक इराणी खलाशी. जहाजावरून पोर्ट केम्ब्लाला उतरला, परत गेला नाही. डिपार्टमेंटने त्याच्या हकिकतीतल्या काही भागांवर शंकाच घेतली नव्हती. ट्रायब्युनलच्या सुनावणीतही त्याबद्दल कोणी त्याला धड टोकलं नाही. निर्णयात मात्र नेमके तेच भाग ‘पटत नाहीत’ म्हणून नाकारले. २००६ साली हायकोर्टाने सांगितलं, जो मुद्दा वादात आहे हे माणसाला ठाऊकच नाही, त्यावर त्याने उत्तर द्यायचं कसं? घरात भांडण झालं तरी आपण आधी आरोप सांगतो, मग शिक्षा देतो.

आणि रांगेबद्दल. तुमचे पॉइंट्स मोजले गेले तेही १९५८ च्या मायग्रेशन अ‍ॅक्टखाली, याच डिपार्टमेंटमध्ये. उद्या तुमच्या आईचा पॅरेंट व्हिसा किंवा मुलाच्या बायकोचा पार्टनर व्हिसा चुकीच्या कलमाखाली नाकारला आणि ट्रायब्युनलनेही तीच चूक गिरवली, तर तुम्हीही त्याच विल्यम स्ट्रीटसारख्या इमारतीत, त्याच ३५ दिवसांत याल. सरकारने एकदा हे दार जवळपास बंद करणारं कलम कायद्यात घातलं होतं. २००३ साली हायकोर्टाने म्हटलं की मुळात कायद्याबाहेर घेतलेल्या निर्णयाला ते कलम झाकू शकत नाही, कारण अधिकाऱ्याला कायद्यात ठेवण्याचा कोर्टाचा अधिकार राज्यघटनेच्या ७५ व्या कलमातून येतो. तो खटला एका प्रोटेक्शन व्हिसाच्या अर्जदाराने लढवला होता. त्याचा फायदा आपल्यासारख्या पॉइंटवाल्यांना आजही मिळतो.

*

माझी इराणी सहकारी शेपर्टनच्या केअर होममध्ये माझ्याबरोबर रात्रपाळी करते. तेहरानमध्ये ती घरगुती चर्चमध्ये जायची, तिथे धाड पडली. ट्रायब्युनलने लिहिलंय की धाडीचं वर्ष ती एकदा २०१६ आणि एकदा २०१७ सांगते, म्हणून तिच्यावर विश्वास नाही. ती म्हणते दुभाष्याने घोळ केला. हे कोर्टात चालेल का?
— एक नर्स, शेपर्टन

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण या खुर्चीत मी स्वतः बसलेली आहे.

वर्षाचं आधी बघू. आपली आजी शके सांगायची आठवतं? शके १९३८ ला ७८ मिळवले की २०१६. पण शके बदलतो गुढीपाडव्याला, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे पौष-माघ सांगितला, जानेवारी-फेब्रुवारी असेल, तर ७९ मिळवायला हवेत. इराणचं पंचांग अगदी असंच चालतं. त्यांचं वर्ष मार्चच्या विषुवदिनी सुरू होतं. ६२१ मिळवायचे, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ६२२. तिने बहमन महिना, १३९५ साल म्हटलं असेल, तर ते २०१७ चं जानेवारी-फेब्रुवारी. घाईत कोणी नुसते ६२१ मिळवले की २०१६ झालं. दोन्ही वेळा बाईने एकच तारीख सांगितली आणि ट्रायब्युनलच्या कागदावर दोन उमटल्या, असं असू शकतं.

आता मुख्य प्रश्न, हा घोळ कोणी केला? सदस्यांनी स्वतः हिशेब चुकवला असेल तर ती बहुधा वस्तुस्थितीची चूक ठरते, आणि तेवढ्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, मलाही अजून वाटतं. पण दुभाष्याने चुकवला असेल तर गोष्ट बदलते. भाषांतर इतकं ढिसाळ असेल की तिला आपली बाजू खऱ्या अर्थाने मांडताच आली नाही, तर ती सुनावणी सुनावणीच नव्हती. फेडरल कोर्टाने १९९९ साली श्रीलंकेच्या परेरा यांच्या प्रकरणात याचं माप ठरवलं: भाषांतर परिपूर्ण असावं लागत नाही, पण दर्जा पुरेसा हवा, आणि चुका महत्त्वाच्या मुद्द्यावर झालेल्या असाव्यात.

‘दुभाष्याने घोळ केला’ असं नुसतं सांगून कोर्टात काहीही होत नाही. ट्रायब्युनलकडून सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागा, ते मिळतं. फारसीच्या नाटी-प्रमाणित (नाटी ही अनुवादक-दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी इथली संस्था) अनुवादकाकडून त्या भागाचा शब्दशः उतारा करून घ्या: प्रश्न काय होता, ती फारसीत काय बोलली, इंग्रजीत काय सांगितलं गेलं. त्या अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र. कोर्टात नवे पुरावे सहसा चालत नाहीत, पण सुनावणीत काय घडलं हे दाखवणारा पुरावा चालतो. खर्च येतो, म्हणून आधी तिलाच ते मुद्रण ऐकू द्या आणि मिनिट-सेकंद लिहून काढायला सांगा.

मग शेवटचा अडसर. ट्रायब्युनलने अविश्वासाची सहा कारणं दिली असतील आणि वर्षाचा घोळ त्यांतलं एकच, सर्वांत किरकोळ, असेल तर सरकारी वकील म्हणतील, हे नसतं तरी निकाल तोच आला असता. हायकोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती एवढं दाखवणं पुरेसं आहे, तो लागलाच असता हे सिद्ध करावं लागत नाही. विश्वासार्हतेच्या प्रकरणात हे बऱ्यापैकी हातात येतं, कारण एकदा ‘ही खोटं बोलते’ असं ठरलं की त्या चष्म्यातून बाकीचं सगळं वाचलं जातं.

बाप्तिस्मा तिने इथे येऊन घेतला असेल तर तेही वकिलाला सांगा. इथे केलेली गोष्ट दावा मजबूत करण्यासाठीच केली नाही, हे निर्वासिताच्या दाराशी पटवावं लागतं, आणि ट्रायब्युनलने तो प्रश्न कसा हाताळला हेही तपासण्यासारखं असतं.

माझी गोष्ट सांगते म्हटलं होतं. दुभाषी असताना एका सुनावणीत हिंदी बोलणारा एक तरुण म्हणाला, ‘मेरे भाई को उठा ले गए.’ मी ‘ब्रदर’ म्हटलं. पंधरा मिनिटांनी सदस्यांनी त्याच्या अर्जावर बोट ठेवलं: इथे तर तुम्हाला भाऊच नाही. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. चुलतभाऊ होता, आणि आपल्याकडे चुलतभावाला चुलतभाऊ म्हणून हाक कोण मारतं? मी हात वर केला, म्हटलं चूक माझी आहे, तो शब्द दोन्हींसाठी वापरतात. सदस्यांनी नोंद घेतली. मी बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बराच वेळ बसून राहिले. त्याआधीच्या वर्षांत असे किती ‘भाई’ मी सरळ ‘ब्रदर’ करून टाकले असतील, ते मोजायची हिंमत झाली नाही.

म्हणून दुभाष्यावर राग धरू नका, पण मुद्रण ऐकाच.

*

ताई, मी विद्यार्थी व्हिसावर आहे, कोर्स आवडला नाही, फी झेपत नाही. एका एजंटने सांगितलं, प्रोटेक्शन व्हिसा टाक, नाकारला तर ट्रायब्युनल, मग कोर्ट, पाच-सहा वर्षं आरामात निघतात, तोवर काम करायचं. तो म्हणतो सगळेच करतात. गावात जमिनीवरून थोडं भांडण आहे, तेच लिहायचं. तुमचं मत?
— एक विद्यार्थी, मेलबर्न

बाळा, नको.

जमिनीचं भांडण खरं असेल आणि जिवाला खरंच धोका असेल तर माझ्या नाही तर कुठल्याही मोफत केंद्राच्या वकिलासमोर बस, आपण नीट बघू. पण तू जसं लिहिलंयस, ‘तेच लिहायचं’, त्यावरून तुझी भीती फीची दिसते.

एजंटने जे सांगितलं नाही ते मी सांगते. प्रोटेक्शन व्हिसा एकदा नाकारला की या देशात राहून तो पुन्हा मागता येत नाही, आणि इथे राहून दुसरे बहुतेक व्हिसा मागायलाही आडकाठी येते. ट्रायब्युनलची फी आधी घेत नाहीत, हरल्यावर घेतात. कोर्टात हरलास तर समोरच्या पक्षाच्या, म्हणजे इमिग्रेशन मंत्र्यांच्या, वकिलांचा खर्च तुझ्यावर, काही हजार डॉलर. ते सरकारचं कर्ज, फेडलं नाही तर पुढच्या व्हिसाला आडवं येतं. अर्जात खोटं लिहिलंस तर ते आयुष्यभर फाइलमध्ये राहतं. पाच वर्षांनी तुला खरंच कोणी आवडली आणि पार्टनर व्हिसा मागायला गेलास, तर पहिला प्रश्न याच अर्जावर येईल.

आणि एजंटला एवढंच विचार: यशाची शक्यता नसताना दुसऱ्याला कोर्टात ढकलणाऱ्या माणसावरच खर्च लादायची तरतूद याच कायद्यात आहे, हे त्याला माहीत आहे का? अर्जावर सही करणाऱ्या वकिलाला तर लिहून द्यावं लागतं की यात यशाची वाजवी शक्यता आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागून घे. बघ देतो का.

कोर्स बदलणं, फी हप्त्यांत मागणं, एक सत्र थांबणं याबद्दल कॉलेजच्या विद्यार्थी सल्लागाराशी बोल. ते फुकट आहे. घरी सांगायची लाज वाटत असेल तर तेही मला समजतं, पण पाच वर्षं खोट्या भीतीवर काढण्यापेक्षा बाबांसमोर पाच मिनिटं मान खाली घालणं सोपं आहे रे.

*

छोटी पत्रं, छोटी उत्तरं.

कोर्टात गेलं की नाव सगळीकडे छापून येईल का? गावाकडे कळलं तर? नाव येणार नाही. प्रोटेक्शन व्हिसाच्या अर्जदाराचं नाव प्रसिद्ध करायला कोर्टाला कायद्यानेच मनाई आहे. त्याऐवजी अक्षरांचा गुच्छ देतात, ‘एसझेडबीईएल’ वगैरे. वर सांगितलेला इराणी खलाशी तोच. मात्र गावाचं, नातेवाइकांचं नाव हकिकतीत आलं तर निकालात ते उतरू शकतं. तुमच्या गावचे शेपाचशे लोक तेवढ्यावरून ओळखतील असं वाटत असेल तर वकिलाला आधीच सांगा.

हरलो तर पुढे? फेडरल कोर्टात अपील, निकालापासून २८ दिवस. तिथे सहसा एकच न्यायाधीश ऐकतात, आणि खालच्या न्यायाधीशांची चूक दाखवावी लागते. त्यापुढे हायकोर्ट, पण तिथे आधी परवानगी मागायची, आणि ती क्वचित मिळते.

जिंकलो की व्हिसा मिळतो का? नाही मिळत. निर्णय रद्द होतो आणि प्रकरण ट्रायब्युनलकडे परत जातं, बहुतेक वेळा दुसऱ्या सदस्याकडे. पण ती सुनावणी नव्याने होते, नवे कागद देता येतात. तार्नेटच्या काकू, हातावरचे वण तिथे दाखवता येतील. डॉक्टरांचा अहवाल आत्ताच करून ठेवायला सांगा, वण फिके होतात.

सुनावणीला इंग्रजी येत नाही. कोर्ट दुभाषी देतं, पैसे लागत नाहीत. अर्जातच भाषा लिहा, आणि बोलीही लिहा.

‘दहा टक्केच धोका आहे’ असं ट्रायब्युनल म्हणालं तर व्हिसा नाही ना? उलट. १९८९ सालच्या चॅन प्रकरणापासून कसोटी ‘खरी शक्यता’ आहे का, ही. पन्नास टक्क्यांच्या वर असायची गरज नाही, आणि त्या निकालात एका न्यायाधीशांनी दहा टक्क्यांचंच उदाहरण दिलंय. ट्रायब्युनलने ‘जास्त संभव नाही’ असं म्हणून नाकारलं असेल तर तो परिच्छेद वकिलाला आवर्जून दाखवा, कसोटीच चुकली असू शकते.

पस्तिसावा दिवस रविवारी येतोय. मग सोमवारी भरला तरी चालतो, सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी. संध्याकाळी साडेचारनंतर गेलेला कागद मात्र दुसऱ्या दिवशीचा धरतात. तेव्हा तुम्ही आदल्या शुक्रवारी भरा. सकाळी. चहा नंतर घ्या.